शेंदरावरचा थेंब

टोपण निघत नव्हतं. बोटाच्या पेराएवढं लाल टोपण, कडेला पांढरट पापुद्रा धरलेलं, आणि खाली ती इन्स्टंट गमची चपटी ट्यूब. भरतने ते डावीकडे पिळलं, उजवीकडे पिळलं, दातात धरलं, आणि दातात धरल्यावर आठवलं की हे कोणी करू नये असं आपण रोज गिऱ्हाइकाला बजावतो. पोलादपूरच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान. पाटीवर नावाखाली ‘बी.एस्सी. केमिस्ट्री, महाड’ असं रंगवून घेतलेलं, आणि नुसते खिळे घ्यायला आलेल्या माणसालाही त्याचं एक वाक्य ऐकल्याशिवाय पायरी उतरता येत नसे : भरतने चिकटवलेलं ब्रह्मदेवालासुद्धा सुटायचं नाही. आता हे टोपण परवा त्यानेच लावलेलं. म्हणजे तसं पाहिलं तर वाक्य खरंच निघालं होतं, फक्त ब्रह्मदेवाच्या जागी तो स्वतः उभा होता, हातात पक्कड घेऊन.

पकडीने टोपण निघालं नाही. ट्यूबच पोटातून फुटली.

गम तीन बोटांवर आणि अंगठ्यावर ओघळला, थंड, पाण्यासारखा पातळ, आणि भरतने — ज्याने या विषयावर गेली कित्येक वर्षं फुकट व्याख्यानं दिली त्या भरतने — समोरचा कापसाचा बोळा उचलून तो पुसला. कापूस म्हणजे केसाहून बारीक तंतू, त्या प्रत्येकावर हवेतला दमटपणा. गमला एकाच वेळी एवढं सगळं अंग मिळालं की तो एकदमच जमतो, आणि जमताना जी उष्णता निघते ती हळूहळू न निघता सगळी मिळून निघते… हे त्याच्या डोक्यात पुस्तकाच्या पानासारखं स्वच्छ उमटत होतं, आणि बोळ्यातून धूर येत होता.

"बाबा, तुमचं बोट जळतंय," ऋतिका म्हणाली. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली त्याची मुलगी, काउंटरवर पाय सोडून बसलेली.

"हो."

"हो काय? टाका ना तो कापूस."

त्याने टाकला. चटका बसला असणार. बोटाला फोड येणार हेही दिसत होतं. पण धूर आधी दिसला, मग मुलीचा आवाज आला, आणि चटका — चटका कुठेतरी वाटेतच राहिला, पत्ता चुकलेल्या पार्सलसारखा. बोटांवर एक काचेसारखी पातळ साय धरली होती. त्या बोटांनी त्याने चहाचा ग्लास उचलला. गरम की गार, बोटांना कळेना. हे त्याला बरं वाटलं. बरं वाटलं असंही नाही… ओळखीचं वाटलं.

"माझं नेलपॉलिश रिमूव्हर देऊ? त्याने निघतो ना हा? पण अर्धीच बाटली आहे, संपवू नका."

त्याने बाटली घेतली, पण बोटांना लावली नाही. खिशात टाकली. दुसऱ्या खिशात गमची नवी ट्यूब टाकली, हिचं टोपण आधी उघडून बघून. ऋतिका हे सगळं बघत होती.

"आजोबांना नेलपॉलिश लावायला चाललात का?"

"तू दुकान बघ."

"बघते. कोणी गम मागितला तर लेक्चरपण मीच देऊ?"

द्यायला हरकत नव्हती. तिला पाठ होतं. साधा गोंद वाळतो तो त्यातलं पाणी उडून जातं म्हणून. हा वाळत नाही. हा पाणी मिळालं म्हणून घट्ट होतो. ट्यूबमध्ये सगळे रेणू सुटे सुटे, गप्प बसलेले, कारण आत किंचित आम्ल घातलेलं असतं, ते त्यांना हलू देत नाही. ट्यूब उघडली, गम पसरला, की हवेतलं नाहीतर वस्तूवरचं चिमूटभर पाणी त्यातल्या एकाला डिवचतं; तो शेजाऱ्याला धरतो, शेजारी पुढच्याला, आणि तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत लाखोंची साखळी होऊन बसते. जाड थर दिलात तर आतला ओलाच राहतो. पातळ थर द्या. माणसं नेहमी जास्त ओततात आणि मग म्हणतात चिकटत नाही… एकदा बोलता बोलता तो मुलीला म्हणाला होता, "मीपण तसाच ग. सगळं जग पाण्याने विरघळतं, मी त्या पावसात घट्ट झालो." तिने मान वर न करता सांगितलं होतं, "बाबा, हे पेपरात लिहू नका, मार्क कापतील."

तो पाऊस. वर धारेच्या वाडीत त्याची आई ठकूबाई पहाटे गोठ्यात दूध काढायला गेली आणि गोठ्यामागचा डोंगर खाली आला. घर राहिलं, घराचा उंबरा राहिला, गोठा गेला. दुधाची कासंडी मिळाली, दावं मिळालं, म्हैस मिळाली. आई मिळाली नाही. सहा-सात दिवस मशीन चाललं, मग म्हणाले आता वरचा उतार हलतोय, थांबवावं लागेल. भरतने सह्या केल्या, मदतीला आलेल्या पोरांना चहा पाजला, कोणाकोणाच्या बुटांचे तळवे निघाले होते तेसुद्धा बसून चिकटवून दिले. लोक म्हणाले, पोरगा घट्ट हाय. मग तो रडू यायची वाट बघत राहिला. दिवाळी झाली, शिमगा झाला. कोणी पाहुणा येणार म्हणून पाट मांडून ठेवावा आणि पाहुण्याने फोनही करू नये, तसं. हळूहळू त्याने पाट उचलून ठेवला.

आता प्रश्न वडिलांचा होता. वाडीत सात घरं. पाच हायवेच्या कडेला नव्या प्लॉटवर पत्र्याखाली राहायला आली होती. सरकारी माणसं वर जाऊन डोंगराला पडलेली भेग मोजून, तिच्या दोन्ही कडांना लाल रंग मारून गेली होती. वर उरले दोघं. एक त्याचा बाप चांगू, आणि एक हैबती गुरव. तो म्हणे, शेवटचा माणूस हाय तोवर देवीला दिवा लावायला मी हाय. आणि चांगू म्हणे, देवी हाय तोवर मी हाय. दोघं मिळून एकमेकांना धरून बसलेले. पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आला होता. भरतने समजावलं, भांडला, एकदा भाड्याची गाडी घेऊन दारात उभा राहिला. शेवटी म्हातारा म्हणाला होता, "देवीला कौल लाव. ती जा म्हनाली तर आंगावरच्या कपड्यानिशी येतो. नाय म्हनाली तर पुन्हा ह्यो विषय काढायचा नाय."

कौल म्हणजे तसा सोपा मामला. मूर्तीला पाणी घालायचं, फुलाची एक पाकळी देवीच्या उजव्या अंगाला आणि एक डाव्या अंगाला ओल्यानेच चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. पन्नास टक्के, असं भरतने मनात मांडलं. आणि बापाचा जीव पन्नास टक्क्यांवर लावायला बी.एस्सी. झालेल्या माणसाची तयारी नव्हती. डावी पडताच कामा नये. मग उजवीला पडण्यावाचून दुसरं काम उरत नाही… एक थेंब. पातळ थर. वर गुरवाच्या हातची ओली पाकळी, म्हणजे पाणीही तोच देणार. अडचण एकच : देवीला तेलात कालवलेला शेंदूर, आणि तेलकट अंगावर गम धरत नाही. त्यासाठी रिमूव्हर. आणि देवीचा डावा हात म्हणजे आपल्या उजव्या हाताला, हे तो आंबेनळीच्या रस्त्याला लागेपर्यंत मोटरसायकलवर मनात घोकत होता — तिचा डावा, माझा उजवा, तिचा डावा, माझा उजवा — मागून महाबळेश्वरला जाणारी पुण्या-मुंबईची गाडी हॉर्न वाजवत होती, तिला तो बाजू देत नव्हता.

गाडी खाली लावून तो चढला. जिथे गोठा होता तिथे आता गवत होतं, उन्हाने पिवळं झालेलं. त्यावरून तो गेला, कडेने वाट होती तरी. स्वतःच्या आत काही हललं का म्हणून त्याने थांबून पाहिलं, सवयीने. रात्री कुलूप ओढून बघतात तसं. काही हललं नव्हतं. भेग मात्र गेल्या खेपेपेक्षा वाढली होती. त्याने तिच्यात हात घातला, मनगटापर्यंत गेला. आतली माती थंड असेल. बोटांना विचारून उपयोग नव्हता.

बाप अंगणात फणस फोडत बसला होता.

"आलास?"

"आलो, आबा."

"पोरगी नाय आनलीस?"

"दुकानात हाय."

"बारावीची पोर खिळे इकाय बसवलीस. शाबास."

चांगू तसा नेहमीच तिरका बोले. पण आज तो भरतकडे बघत नव्हता. फणसाच्या पोटात दोन्ही हात घालून गरे उपसत होता, आणि त्याचे तळवे, बोटं, पार मनगटं चिकाने माखून काळपट झालेली, बोट बोटाला धरत होतं. फणसाला हात लावण्याआधी तेल चोळायचं हे इथलं शेंबडं पोरही विसरत नाही.

"तेल नाय लावलंस हाताला?"

"सपलं."

"बाटली तर दिसतेय अर्धी."

"ती देवीच्या दिव्याची."

म्हातारा विसरायला लागला, भरतला वाटलं. हेही कुठेतरी नोंदवून ठेवल्यासारखं वाटलं, वाईट वाटलं नाही.

हैबती देवळापाशी वाट बघत होता. देऊळ म्हणजे चार खांब, वर पत्रा. पाठीत वाकलेला, एका डोळ्यात मोती पडलेला हैबती म्हणाला, "भरत रे, लवकर आटप. तुझ्या बापानं देवीला सकाळधरनं ताटकळत ठेवलीय. फणस फोडायला आजचाच दिवस गावला."

"तुम्हाला काय वाटतं काका, काय देईल देवी?"

"माझ्या वाटन्यावर काय हाय? ती बाई मनाची मालकीन. माझं इचारशील तर, हितं रेंज नाय येत. नातवाचं त्वांड मोबाईलवर आर्धंच दिसतं, कान दिसतो नायतर डोकं दिसतं. पन ह्ये देवीला कसं सांगायचं?"

त्याच्याने वाकवत नव्हतं म्हणून देवीला आंघोळ भरतने घातली. हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं. मूर्ती अशी दिसतच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर थरावर थर बसून नाक नाही, हनुवटी नाही, एक केशरी फुगवटा, त्यात चांदीचे दोन डोळे. चोळताना तो थर काही ठिकाणी पोकळ वाजला. त्याने पाठ आड करून, तिचा डावा, माझा उजवा, खिशातली बाटली काढली आणि पंच्याच्या टोकाने तळहाताएवढी जागा पुसून घेतली. तेल निघालं. वास पसरला.

"वास कसला रे?" हैबतीने नाक वर केलं.

"अत्तर."

"अत्तर नाय ह्ये. माझी सून नखं रंगवते तवा येतो ह्यो वास."

"तसलंच अत्तर आहे."

हैबतीने थोडा विचार केला. "आसूं दे. देवी झाली तरी बाईमानूसच."

मग तो पाणी आणायला वळला आणि भरतने थेंब ठेवला. एकच. शेंदरावर तो चमकत राहिला, ओला, निर्मळ, जणू काही करणारच नव्हता. उघड्यावर असलेला थेंब असाच असतो, काही वेळ शहाण्यासारखा बसतो, दोन वस्तूंमध्ये सापडला की मगच दाखवतो. देवाला फसवताना माणसाला काहीतरी व्हायला हवं असं भरतने ऐकलं होतं. त्याने वाट बघितली. काही नाही. त्याला फक्त रिमूव्हर अर्ध्याहून कमी उरलंय आणि मुलगी बोलेल एवढंच वाटलं.

हैबतीने चाफ्याची पाकळी तांब्यात बुडवली आणि देवीच्या डाव्या अंगाला अंगठ्याने दाबून धरली. दाबलीच जरा जास्त वेळ. अंगठा काढायला गेला तर येईना.

"धरला," हैबती हळूच म्हणाला.

"काय?"

"आंगठा. देवीनं माझा आंगठा धरला."

पाकळीच्या कडेतून बाहेर आला असणार गम, भरत हिशेब करत होता, थोडा जास्त झाला, म्हणजे माझ्याकडूनही… मी रोज सांगतो पातळ थर द्या, पातळ थर द्या, आणि स्वतःवर वेळ आली की मीही ओततोच. हैबतीने हिसका दिला. अंगठा सुटला, थोडी कातडी तिथेच राहिली, रक्ताचा ठिपका आला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ते दुखण्याचं नव्हतं. "जलमभर सेवा केली," तो म्हणाला, "आज बाईनं हात धरला." आणि तो अंगठा त्याने कपाळाला लावला. भरतने खाली बघितलं. रक्त बघून वाटतं तेही नाही, लाज वाटते तीही नाही. मात्र आपल्याला लाज वाटायला हवी होती हे अगदी स्पष्ट कळत होतं, दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या फोनसारखं.

"उजवी मी लावतो," मागून चांगू म्हणाला. हात न धुताच आला होता.

"तसा रिवाज नाय," हैबती म्हणाला.

"तुझा आंगठा कामातनं गेला. रिवाज कसला सांगतोस?"

चांगूने दुसरी पाकळी घेतली, तळहातात दाबली, आणि उजव्या अंगाला लावून बराच वेळ हात तसाच ठेवून उभा राहिला. प्रार्थना करत असावा. मग हैबतीने गाऱ्हाणं घातलं, आवाज एकदम तरुण करून : "आई, ह्ये तुझं लेकरू चांगू, घर सोडून खाली जावं आसं तुझ्या मनात आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, आनि गोंधळात नको टाकू आमाला, आमी आडानी मानसं…"

तिघं समोर बसले.

ओल्या पाकळीचा जोर पाणी ओलं असेपर्यंत. वैशाखातलं ऊन, पत्र्याखालचा उकाडा; पाणी सुकलं की उजवी कलंडणार, बिडी संपेपर्यंत फार तर. हैबतीची बिडी संपली. दुसरी पेटली. एक मुंगी उजव्या पाकळीवर चढली, टोकापर्यंत गेली, तिथून परत आली, अडखळली, आणि एका जागी पाय हलवत राहिली. पाकळी हलली नाही. ऊन खांबावरून सरकलं. भरत बघत होता आणि त्याला आपण काही बघत नाही आहोत असंही वाटत होतं — हे असं समोर बसून राहणं, कोणीतरी काहीतरी खाली टाकेल म्हणून… मशीन थांबवलं त्या संध्याकाळीही तो असाच बसला होता, मातीकडे तोंड करून, आणि कोणीतरी त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला होता, तो त्याने सगळा खाल्ला होता, एक एक करून. बिस्किटं चांगली होती. हे त्याने कोणाला कधी सांगितलं नाही.

"देवी इचार करते," हैबती म्हणाला.

दुपार कलली तशी भूक लागली. चांगूने फणसाचे गरे आणले, पळसाच्या पानावर ठेवले. तो एक गरा उचले आणि तोंडात टाकायला जाई तर गरा बोटाला धरून राही, दातांनी ओढून घ्यावा लागे. बोटांमधून चिकाच्या तारा निघत, उन्हात चमकत. भरत गरा खाता खाता थांबला. मुंगी. उजव्या पाकळीवर एका जागी पाय हलवणारी मुंगी. त्याने वर बघितलं, ती अजून तिथेच होती, आता पाय हलत नव्हते. मग त्याने बापाच्या हातांकडे बघितलं. आणि बाप त्याच्या हातांकडे बघत होता, काचेसारखी साय धरलेल्या बोटांकडे.

"बोटांना काय झालंय रे?" चांगूने विचारलं.

"दुकानातलं लागलं."

"निघत नाय?"

"निघेल. दोन दिसांनी, कातडीबरोबर." मग त्याने विचारलं, "तुझ्या हाताचं?"

"फनसाचा चीक. तेलानं निघतो."

"मग लाव तेल."

"लावीन की. कौल झाल्यावर."

हैबती गरा चघळत दोघांकडे बघत होता. त्याला वाटलं, बाप-लेक बऱ्याच दिवसांनी धड बोलतायत.

भरतला हसू यायला हवं होतं. आलंच नाही असं नाही, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत काहीतरी आलं आणि तिथेच चिकटून बसलं. आबाने उजवी धरून ठेवलीय. म्हणजे आबाला वाटलं होतं की देवी जा म्हणेल. नाहीतर कशाला? ज्याला ती नाही म्हणेल असा भरवसा आहे तो चीक कशाला लावेल… त्याला भीती होती तिच्या होकाराची. आणि मी? मी तर पाटीवर डिग्री रंगवलेला माणूस, पन्नास टक्के म्हणणारा. पाकळी पाण्याने चिकटते आणि पाणी सुकलं की पडते, एवढंच मानणारा. मग मला तिच्या नकाराची भीती का वाटली? पन्नास टक्क्यांची भीती वाटली, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. ते नीट बसेना. तुकड्याला तुकडा जुळवून धरावा आणि हात काढला की सुटावा, तसं. आम्ही दोघांनीही तिला विचारलं, आणि उत्तर येऊ नये म्हणून दोघांनीही तिचं तोंड दाबून धरलं.

"आबा, भेग वाढलीय. हात जातोय आत."

"म्हाईत हाय. मी रोज घालून बघतो."

"मग?"

चांगूने पानावरची आठळी उचलून दूर टाकली. "ती पहाटं उठून गेली ती मला न सांगता गेली. नेहमी हाळी द्यायची, जाते म्हनून. त्या दिशी मीच झोपलो व्हतो. आता मी खाली जायचं म्हनजे तिला सांगून जायला पायजे ना. आनि सांगायचं कुठं? ती हाय कुठं त्येच जर ठावं नाय…" तो थांबला. "मानूस न सांगता गेला की मागच्याला हलता येत नाय, भरत. तू शिकलेला हायस. तुला ठावं आसंल, का नाय हलता येत."

भरतला फक्त एक दिसलं, कारण नसताना : आई गोठ्यात जाताना पदराने हात पुसायची, कोरडे असले तरी. हे इतके दिवस कुठे होतं? डोळ्यांत काही आलं नाही. पण घशाखाली, बरगडीपाशी, कुठलीतरी एक बारीक जागा ओली झाल्यासारखी वाटली, आणि लगेच त्या जागेभोवती सगळं आवळून आलं. ती ओल होती म्हणून सुटेल की ओल होती म्हणूनच आणखी घट्ट होईल, हे सांगता येईना. रसायनशास्त्र इथे काही बोलेना.

ऊन पायथ्याच्या झाडांवर उतरलं तेव्हा हैबती गुडघ्यावर हात टेकून उठला. "बाई आडकली," तो म्हणाला. "आमचंच काय तरी चुकलं. माझा हात इटाळला आसंल रगतानं. पाकळ्या काढतो, पुन्हा पानी घालून पुन्हा लावू."

"असू दे, काका," भरत म्हणाला. "उद्या बघू."

"उद्या कसा? कौल आर्धा ठेवायचा नसतो." आणि तो देवीपुढे जाऊन डाव्या पाकळीची कड नखाने उचलू लागला.

"ओढू नका."

"का?"

का, ते भरतला नीट माहीत होतं. हा सांधा सुटणारच नाही. गम जिथे नीट बसतो तिथे तो कधीच तुटत नाही. ओढलंत तर त्याच्यामागे जे कच्चं असेल ते तुटतं. चपलेचा तळवा असो, कपाचा कान असो, मी हजार वेळा सांगितलंय, हजार माणसांना, न विचारता. आत्ता विचारलंय, आणि सांगायचं म्हणजे थेंबाचं सांगावं लागेल, आणि थेंबाचं सांगितलं की चिकाचं सांगावं लागेल. त्याने बापाकडे बघितलं. चांगू उठून उभा राहिला होता, चिकाचे दोन्ही हात शरीरापासून लांब धरून, आणि त्याच्या तोंडावर चोरी पकडलेल्या पोराचा भाव होता, आणि त्याखाली फार जुनी, फार दमलेली अशी दुसरीच काहीतरी विनवणी होती. सांग, असं तो म्हणत होता की सांगू नको, कळेना. भरतला भीती वाटत होती. शेंदराची नाही, देवीच्या कोपाची नाही — त्या दोन हातांची, ते असे अधांतरी धरलेले आहेत आणि आपल्याला आता जाऊन ते धरावे लागतील याची. केवढी साधी भीती. आणि ती आपल्याला वाटतेय, आत्ता, पोटात, हे कळून तो जागच्या जागी थिजला, तोंड उघडं ठेवून.

"काका, त्या पाकळीला…" तो म्हणाला.

हैबतीने ओढली होती. पाकळी सुटली नाही. तिच्यामागचा शेंदूर सुटला. खांद्यापाशी तडा गेला, तो वर कपाळापर्यंत गेला, आणि वीतभर जाडीचं ते सगळं कवच, डावी पाकळी, उजवी पाकळी, मुंगी आणि चांदीचे दोन्ही डोळे यांच्यासकट, एकाच वेळी हैबतीच्या पायावर पडलं. आधी कुठली पाकळी जमिनीला लागली, म्हणजे कौल काय झाला, हे तिघांपैकी कोणी पाहिलं नाही. हैबतीच्या पायाचा अंगठा सुजला.